चमचा उजव्या हाताला

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी फुकट इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी मला वाचती केली, हे आधी सांगते. काय झालं ते मागाहून. नाहीतर आपली चूक सांगता सांगता मी रडायला लागते आणि ज्यांनी केलं त्यांचं राहूनच जातं.

मी आठवीतून शाळा सोडलेली. दोन हजार चारच्या थंडीत लेकीच्या बाळंतपणाला म्हणून अमेरिकेत आले. शेगडी बंद आहे का ते मी तीन-तीनदा बघायची, बेल वाजली की छातीत धडधडायचं. शेवटी लेक वैतागली. "आई, यू आर ओव्हरथिंकिंग यार! क्लासला जा, मी ड्रॉप करते."

बाई सत्तरीच्या जवळपासच्या. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आम्ही सहाजण, सगळे पिकलेले. मी दुधाच्या कॅनवरची एक ओळ न अडखळता वाचली तेव्हा बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी टाळ्या! माझ्या लग्नातल्या अक्षता सोडल्या तर माझ्या नावानं कुणी हात वर केलेला मला आठवत नव्हता.

एका गुरुवारी बाई म्हणाल्या, वडिलांविषयी एक वाक्य सांगा. माझे वडील सोसायटीत शिपाई, पण दरारा कलेक्टरचा. अख्खा गाव त्यांना एकाच नावानं ओळखायचा आणि त्यांनाही ते आवडायचं. मी उभी राहिले आणि तोऱ्यात म्हटलं, "माय फादर इज हिटलर."

शेजारच्या गुजराती बेन खुदकन हसल्या. बाकी कुणी नाही. बाईंचा मार्कर फळ्यावर थांबला. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे कसे होते?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, चपला ओळीत नसल्या तर ओरडायचे. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'माय फादर वॉज स्ट्रिक्ट,' आणि स्ट्रिक्टखाली रेघ मारली. त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

गाडीत बसल्यावर मी लेकीला ही गंमत सांगितली. तिनं पार्किंगमधून निघायच्या आधीच गाडी बंद केली.

"आई! काय बोललीस तू?"

"अगं, आपल्याकडे म्हणतातच की. हेडमास्तर हिटलर, सासू हिटलर."

"तुमच्या बाई ज्यू आहेत, आई."

"ज्यू म्हणजे?"

तिनं तिथंच सगळं सांगितलं. आगगाड्यांत कोंबून नेलेली माणसं, छावण्या, विषारी वायू, लेकरं, म्हातारी, साठ लाख जीव. मी सारखी विचारत राहिले, "पण केलं काय होतं त्यांनी?" ती म्हणाली, "ज्यू म्हणून जन्मले. बस."

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हा धडा असेलही, मी तिथवर पोचलेच नाही. तो शब्द मात्र माझ्यापर्यंत पोचला होता. धड्याशिवाय, चेष्टा होऊन.

पुढचे दोन क्लास मी गुडघ्याचं निमित्त काढून बुडवले. आता बाईंना तोंड दाखवता येणार नाही, वाचनही गेलं आणि बाईही गेल्या, असं वाटून घास उतरत नव्हता. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात बाई! बुटांना बर्फ, हातात माझी वही, क्लासमध्ये विसरलेली.

"गुडघा कसा आहे?"

"गुडघा बरा आहे. मीच बरी नाही." मी हात जोडले. "मला माहीत नव्हतं, बाई."

"ते दिसलंच मला. म्हणून तर आले. माहीत असून बोलणाऱ्यांच्या घरी मी जात नाही."

लेक बाळाला मांडीवर घेऊन टेबलाशी बसली. इंग्रजी माझ्या डोक्यावरून गेलं की ती मराठीत सांगायची. मी पोहे दिले. चमचा बशीत कसाही टाकलेला. बाईंनी तो उचलून बशीच्या उजवीकडे ठेवला, बोटानं सरळ केला, आणि स्वतःशीच हसल्या.

"माझे वडीलही स्ट्रिक्ट होते. चमच्याच्या बाबतीत."

बाई सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना दूरच्या एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं, नाव बदलून. निरोप घेताना काय बोलावं हे त्यांना सुचलं नसावं. म्हणाले, "चमचा उजव्या हाताला ठेवत जा." नंतर ते, आई आणि धाकटा भाऊ, तिघांनाही छावणीत नेलं. कुणीच परत आलं नाही. कबर नाही, तारीख नाही.

"ते शिस्तीचे होते, हे सांगणारी जगात मी एकटीच उरले होते," बाई म्हणाल्या. "आता तुम्हालाही माहीत झालं. दोघी झालो."

मी डोळे पुसले आणि त्यांना सांगितलं, आमच्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीही एक दिवस असतो, सर्वपित्री अमावास्या. त्यांची आठवण काढून पान वाढतात.

"सगळ्यांसाठी एकच दिवस? फार प्रॅक्टिकल आहात तुम्ही! पानावर चमचा असतो का?"

"नाही, हातानं जेवतो आम्ही."

"मग आमचे वडील रागावतील हं!" असं म्हणून बाई इतक्या हसल्या की बाळ दचकलं. मीही हसले. पोह्यांचा दुसरा घास मला गोड लागला.

मंगळवारी मी क्लासला गेले, आणि पुढेही जात राहिले. यंदा पुन्हा अमेरिकेत आले आहे. आता बाई मला वर्तमानपत्र वाचायला लावतात आणि चुकले की चष्म्यावरून बघतात. मीही कमी नाही. "व्हेरी स्ट्रिक्ट," म्हणते.

बाई, तुमचं हे ऋण मी कधीतरी फेडीन. गावी परतले की ज्या शाळेतून आठवीत बाहेर पडले तिथं जाईन. तिथली पोरं अजून हेडमास्तरांना त्याच नावानं चिडवतात. वर्गात उभी राहून त्यांना मी तुमच्या वडिलांची गोष्ट सांगेन, न घाबरता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि त्या वर्षीच्या अमावास्येला एका पानाच्या उजव्या हाताला चमचा ठेवीन. सरळ.