डाव्या स्पीकरच्या तारा

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांच्या घरी होम थिएटर बसवून द्यायचं काम करतात. दुकानात त्यांना सगळे कानसेन म्हणतात. गिऱ्हाइकाच्या दारात चपला काढता काढताच ते सांगायचे, ‘उजवीकडच्या स्पीकरचा पडदा फाटलाय,’ आणि उघडून बघितलं की तो फाटलेलाच असायचा. असं दहा-वीस वेळा झाल्यावर माणूस थोडा हवेत जाणारच. भावोजीही गेले होते. त्यांचं ऐकून घेणं कमी झालं होतं, हे आम्ही घरातही अनुभवत होतो.

एका निवृत्त संगीतशिक्षिकेच्या घरी त्यांनी सेट बसवला होता. बाईंच्या मुलाने तो आईसाठी घेतला होता. एक रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणारं मशीन, पाच स्पीकर, एक मोठा घुमणारा डबा. पिक्चर लावला की खोली दणाणायची. मुलगा खूश, सूनबाई खूश. बाई मात्र आठवड्याभरात दुकानात फोन करून म्हणाल्या, “गाणं पांगल्यासारखं वाटतं हो. गळा कुठे आहे तेच कळत नाही.”

भावोजी गेले. त्यांनी घुमणाऱ्या डब्याचा आवाज कमी केला, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले. बाई म्हणाल्या, “नाही, अजून तसंच आहे.” दुसऱ्या खेपेला त्यांनी मधल्या उघड्या फरशीवर सतरंजी घालायला लावली आणि रिसीव्हरमधले सिनेमाचे सगळे चोचले बंद करून गाणं फक्त समोरच्या दोन स्पीकरांवर ठेवलं. गाण्यासाठी खरं तर हेच चांगलं. पण बाई म्हणाल्या, “आता तर जास्तच बिघडलं. आवाज पोकळ झालाय.”

तिसऱ्या खेपेला भावोजी वैतागले. निघताना त्यांनी दारात मुलाला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही.

“सेटमध्ये काही दोष नाही. आईंचं वय झालं, कान उतरले असतील. एकदा तपासून घ्या.”

मागे बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप भावोजींपुढे धरला, आणि भावोजींनी उभ्या उभ्या तो चहा पिऊनही टाकला.

त्यानंतर अकरा महिने त्या घरून फोन नाही. मग एक दिवस मुलाचा आला. सेट वरच्या खोलीत हलवायचा होता, मुलांना पिक्चर बघायला.

“आणि आईंना नको?” भावोजींनी तिथे पोचल्यावर विचारलं.

“आई आता ऐकत नाही. शिकवणीसुद्धा बंद केली तिने. म्हणते, मलाच सूर नीट ऐकू येईना झालाय, तर मुलींना काय दुरुस्त करणार.” एवढं सांगून तो कामाला निघून गेला.

भावोजींनी डावा स्पीकर फिरवला. मागे लाल आणि काळी अशा दोन खुंट्या असतात, लाल तार लालला, काळी काळीला. इथे लाल तार काळ्या खुंटीत होती. बाकी चारही बरोबर, फक्त हाच उलटा. असं झालं की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. आवाज येत राहतो, पण गाणाऱ्याचा गळा मधोमध उभा राहत नाही आणि खर्ज पातळ होतो. पिक्चरमधलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, त्यामुळे पिक्चर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तारेच्या टोकाला निळी पट्टी गुंडाळलेली होती. ती तशी गुंडाळायची सवय दुकानात एकट्या भावोजींनाच आहे.

खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी तारा बदलल्या. दोन मिनिटांचं काम. मग बाईंना हाक मारून म्हणाले, “वर न्यायच्या आधी एकदा ऐकून बघता का?”

बाई नाइलाजाने येऊन बसल्या. त्यांच्या गुरूंचं एक जुनं ध्वनिमुद्रण होतं, तेच लावलं. पहिल्या आलापालाच त्या खुर्चीत सरळ झाल्या. बराच वेळ समोरच्या मोकळ्या जागेकडे, दोन स्पीकरांच्या मध्ये, बघत राहिल्या.

“मध्ये आला गळा,” त्या म्हणाल्या. “काय केलंत?”

“सेटिंग जरा बदललं. मशीन वापरात आलं की करावं लागतं असं.”

“तुमच्या हाताला यश आहे हो,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “आता नका नेऊ वर. मी सांगते मुलाला.”

त्या संध्याकाळी भावोजी ताटावरून उठले. ताईने खोदून विचारलं तेव्हा त्यांनी तारेचं सांगितलं. मी तिथेच होतो.

“मग जाऊन सांगा त्यांना,” ताई म्हणाली.

“काय सांगू? आता ऐकतायत की त्या छान. कशाला उगाच उकरून काढायचं?”

“उकरू नका मग. पण जेवा तरी.”

ते जेवले नाहीत. चार दिवस ते घरात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. रविवारी सकाळी मला म्हणाले, “चल जरा बरोबर.” एकट्याने त्यांना दारापर्यंत जाववलं नसतं.

बाईंनी आम्हाला बसवलं. भावोजींनी पाणीही घेतलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, सतरंजीकडे बघत ते म्हणाले, “सेटिंग नव्हतं बाई. डाव्या स्पीकरची तार मीच उलटी लावली होती. पहिल्या दिवसापासून.”

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. “म्हणजे मी बरोबर ऐकत होते.”

“हो.”

“आणि हे तुम्हाला परवा कळलं.”

भावोजी थांबले. इथे नुसतं ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं.

“सेट बसवला की खुर्चीपाशी माइक ठेवायचा, मग मशीन स्वतः आवाज तपासतं. त्या दिवशी त्याने टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं होतं, डाव्या स्पीकरच्या तारा बघा म्हणून. कधीकधी ते उगाचच दाखवतं. मला दुसऱ्या घरी जायचं होतं. मी ‘पुढे जा’ दाबलं.”

हे मला माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं. मी भावोजींकडे बघितलं नाही, मला बघवेना.

बाई उठून खिडकीशी गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तुमच्यावर ठेवला.”

खिडकीबाहेर बघतच त्या पुढे म्हणाल्या,

“एक मुलगी स्पर्धेच्या तयारीत होती. तिच्या आईला मीच सांगितलं, हिला दुसरीकडे घाला, माझ्या कानांचा भरवसा नाही.”

“मी जाऊन भेटतो त्यांना.”

“नको. तिचं तिथे बरं चाललंय, तिला पुन्हा कशाला हलवायचं.” मग त्या वळल्या. “माझ्या मुलाला मात्र तुम्ही सांगा. दारात त्याला सांगितलं होतंत ना, तसंच.”

मुलगा वरच होता. तो खाली आल्यावर भावोजींनी त्याला सगळं सांगितलं, माइकसकट. तो हसला. “अहो, एका तारेचं काय एवढं? होतं असं.”

“नाही, एवढंच नाही ते,” भावोजी म्हणाले. “आईंचे कान चांगले आहेत. माझं चुकलं होतं. तुम्ही माझं ऐकलंत, त्यांचं ऐकायला हवं होतं.” त्यावर तो हसला नाही. आईकडे बघून त्याने मान खाली घातली.

बाईंनी शिकवणी पुन्हा सुरू केली. जुन्यातल्या दोघीच परत आल्या. स्पर्धेवाली आली नाही, आणि बाईंनी तिला बोलावलंही नाही.

भावोजी आता माइकची तपासणी कितीही उशीर झाला तरी पूर्ण करतात. मशीनने एखाद्या स्पीकरचं नाव घेतलं की खाली बसून तार हाताने चाचपतात. घरच्यांना विचारतात, गळा कुठे वाटतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. दुकानातले लोक म्हणतात, कानसेन हळू झाले.

मध्यंतरी बाईंचा दुकानात फोन आला होता, रिसीव्हरला रेडिओ जोडून हवा होता. त्यांनी एवढंच सांगितलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. कोणाला पाठवायचं ते भावोजींनीच ठरवलं. निघताना त्याला म्हणाले, “बाई सांगतील तसं कर. त्यांना नीट ऐकू येतं.”

तो माणूस काम करून आला. भावोजींनी त्याला काही विचारलं नाही.