फुलांऐवजी

इंगेगर्ड सकाळी पेपर उघडायची ती थेट निधनवार्तांच्या पानावर. कोण गेलं हे ती नंतर वाचायची. आधी शेवटची ओळ. 'फुलांऐवजी हृदयरोग्यांच्या निधीला द्यावे.' 'फुलांऐवजी मुलांच्या दवाखान्याला द्यावे.' अशी ओळ दिसली की ती पेपर मिटायची, आणखी एक कॉफी ओतून घ्यायची आणि दुकान अर्धा तास उशिरा उघडायची. आमच्या बेटावर फुलांचं दुकान एकच, तिचं. आणि ते लग्नांवर नाही, मयतींवर चालायचं. लग्नं लोक मुख्य भूमीवर जाऊन करतात. मरायला मात्र इथेच येतात.

ही ओळ बेटावर पहिल्यांदा छापली ती शाळेत शिकवणाऱ्या बेरितने, तिची आई गेली तेव्हा, कॅन्सरच्या निधीसाठी. इंगेगर्डने तिला दुकानाच्या दारात गाठलं. "कॅन्सरशी माझं भांडण नाही, बेरित. पण तो माझं भाडं भरत नाही." त्यानंतर दोन वर्षं बेरित समोरच्या फुटपाथवरून जात होती.

मी इथल्या चर्चचा माळी. गवत कापणं आणि कबरी खणणं माझ्याकडे, त्यामुळे इंगेगर्डपेक्षा तिचा नवरा मला जास्त ठाऊक. स्टूरे तिची व्हॅन चालवायचा. शुक्रवारी पुष्पचक्रं आणून द्यायचा आणि सोमवारी तीच कबरींवरून उचलून चर्चमागच्या ढिगावर टाकायचा. चाळीस वर्षं हे चाललं. इंगेगर्ड त्या ढिगाकडे कधी फिरकली नाही. स्टूरे बोलायचा कमी. आमच्या बेटावरसुद्धा त्याला घुमा म्हणत, यावरून काय ते समजा.

मार्चमध्ये स्टूरे व्हॅनमध्ये बसल्या जागी गेला. हँडब्रेक लावलेला होता.

अंत्यविधीचं सगळं बघणारा होल्गर एक फॉर्म घेऊन दुकानात आला, तेव्हा कबरीची जागा ठरवायला मीही तिथेच होतो. फॉर्म स्टूरेने दोन वर्षांपूर्वी भरून ठेवलेला. साधी शवपेटी, एक भजन, आणि खाली त्याच्या अक्षरात: फुलांऐवजी बचाव नावेला द्यावे. वादळात सापडलेल्यांना आणायला जाते ती नाव. स्टूरेच्या वडिलांना तिनेच परत आणलं होतं. जिवंत नाही, पण आणलं होतं.

इंगेगर्डने फॉर्म दोनदा वाचला. फुलवालीच्याच नवऱ्याने फुलं नको म्हटल्यावर बेटावर पुढे फुलं कोण घेणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. होल्गर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पेपरात ही ओळ गाळली तरी चालेल. फॉर्म माझ्या कपाटात असतो. तिथे कुणी बघत नाही."

इंगेगर्डने फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला. "चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही," ती म्हणाली. "कॉफीत साखरसुद्धा नाही. छाप."

ओळ छापली. आमची माणसं छापलेलं पाळतात. एरवी 'फुलांऐवजी' असलं तरी शेवटी पेटीवर ठेवायला प्रत्येकाच्या हातात एक फूल असतंच. ते कुणी फुलांत धरत नाही. पण या वेळी ओळ खुद्द फुलवालीची. तिने विचार करूनच दिली असणार, असं सगळ्यांनी आपापल्या घरी ठरवलं. पेटीपाशी पहिली गेली इंगेगर्ड. तिने एक पांढरं ट्यूलिप ठेवलं आणि जागेवर येऊन बसली. मग अख्खं बेट रिकाम्या हातांनी रांगेत पुढे गेलं. हात कुठे ठेवायचे ते कुणाला कळेना. काहींनी खिशात घातले. बेकरीवाल्याने पेटीच्या कोपऱ्याशी हस्तांदोलन केलं.

सोमवारी सकाळी व्हॅन चर्चमागे येऊन थांबली. इंगेगर्ड उतरली. एका ट्यूलिपसाठी अख्खी व्हॅन.

"सोमवार आहे," ती म्हणाली.

कबरीवरचं ट्यूलिप उचलून ती ढिगापाशी गेली, आणि तिथेच थबकली. फुलांची केव्हाच माती झाली होती. चक्रं बांधायच्या तारांची झाली नव्हती. चाळीस वर्षांच्या गंजक्या तारा, आणि प्रत्येक तारेला तिची डावखुरी गाठ.

मला राहवलं नाही. इथेच उभं राहून स्टूरे एकदा जे बोलला होता, ते मी तिला सांगून टाकलं: "शुक्रवारी ती यावर बोटं सोलून घेते आणि सोमवारी मी ते इथे ओततो. तिच्या हातचं फेकायला मला नको वाटतं. तिला सांगू नकोस."

"सांगायचं ना," इंगेगर्ड म्हणाली. मला म्हणाली की त्याला, कळलं नाही. मग ती रडली, चांगली मोठ्याने, आणि फुलं गुंडाळायच्या कागदाला नाक पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. मी दंताळं धरून शेजारी उभा राहिलो, कारण अशा वेळी आणखी काय करतात ते मला येत नाही.

आता तिच्या गल्ल्याशेजारी बचाव नावेच्या देणग्यांचा डबा असतो. धंदा निम्म्यावर आलाय, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. गेल्या महिन्यात बेरितचा भाऊ वारला. बेरित दुकानात आली आणि सगळ्यात मोठं चक्र मागितलं. जुनं देणं फेडावं तसा तिचा चेहरा होता.

इंगेगर्डने डबा पुढे सरकवला. "एवढं मोठं कशाला? एक फूल घे. बाकीचे यात टाक."

भावाला मोठंच शोभेल, असं बेरित म्हणाली.

"शोभेल गं," इंगेगर्ड म्हणाली. "पण सोमवारी ते मला फेकावं लागतं."