न बदललेले हातमोजे

दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत एकवीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे पट्टीवाल्या ताई म्हणत. जीभ फटकळ, पण हात हलका. कुणी कापलेल्या बोटाला टूथपेस्ट फासून आला की त्याला आधी नळाखाली उभं करत. "दात घासायची वस्तू ती, बोटाला कशाला? वाहत्या पाण्यानं धू. आता स्वच्छ कापड घट्ट दाबून धर. आणि घडीघडी उचलून बघू नकोस, दूध तापत ठेवलंय का?"

त्या वर्षी मात्र ताई पार थकून गेल्या होत्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, आणि ते करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. डोळ्याला डोळा लागत नसे.

एका सोमवारी ड्रेसिंगच्या खोलीतली जोडीदारीण रजेवर गेली. ताई एकट्या आणि बाहेर बाकावर बत्तीस माणसं. स्वच्छ जखमा आधी, पुवाच्या शेवटी, हा ताईंचाच नियम. पण गर्दीत तो पार कोलमडला. साखरेच्या आजारानं पाय चिघळलेल्या एका आजोबांची पट्टी झाली, आणि लगेच स्टुलावर काच बसवणारे काका येऊन बसले. तळहाताला सात टाके, तिसरा दिवस, जखम कोरडी. हातमोज्यांचा नवा खोका समोरच्या कपाटावर होता. उठून तिथवर जायचं, हात धुवायचे, खोका फोडायचा... ताईंच्या अगदी जिवावर आलं.

"बायको भरवते हो हल्ली," काका सांगत होते. "नव्या नवलाईतसुद्धा एवढे लाड झाले नव्हते."

ताई हसल्या आणि त्याच हातमोज्यांनी त्यांनी पट्टी केली.

गुरुवारी काका आले ते तोंड पाडूनच. पट्टी सोडली तर टाके लालभडक, आजूबाजूची कातडी ताणलेली, गरम. एका टोकाला पिवळा ओलावा. ठणका मनगटापर्यंत चढलेला.

"पाणी लागू दिलं नाही ताई, शपथेवर सांगतो. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"असेल" एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, इतकं ते सोपं होतं. ताईंनी जखमेवर निर्जंतुक कापड ठेवलं आणि त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार."

"त्यामुळे झालं नाही, असं सांगता येईल?"

डॉक्टरीणबाई जखम बघायला उठल्या. मग म्हणाल्या, "शेवटचं धड कधी झोपलात?" ताईंना आठवेना.

दोन टाके काढून पू वाहता केला, औषधं सुरू झाली. त्यानंतर ताईंनी काकांना समोर बसवून खरं काय ते सांगितलं.

"दोन दिवस घरात वाद चाललाय," काका म्हणाले. "बायको म्हणते, तुम्हीच हात भिजवला. हे तिला सांगाल?"

ताई संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. काकांच्या बायकोनं दारातच ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही.

"आमचं पोट त्या हातावर आहे, बाई."

"हो," ताई म्हणाल्या.

जखम भरायला महिना लागला. रोजची पट्टी ताईंनीच केली, सकाळी सगळ्यात आधी. काकांची तर्जनी पुरती वळेना. मोठ्या काचा उचलायला त्यांनी भावाला सोबत घेतलं. त्यांनी राग धरला नाही. बायकोनं धरला, आणि ताईंना तो वावगा वाटला नाही. डॉक्टरीणबाईंनी घडलेलं वर लेखी कळवलं, आणि दर स्टुलाशेजारी हातमोज्यांचा खोका आला.

काकांच्या घरून परतल्यावर, त्या गुरुवारीच, ताईंनी धाकट्या दिराला फोन लावला होता. "शनिवार-रविवार आईंना तुमच्याकडे न्या."

"वहिनी, आमची जागा केवढीशी..."

"विचारत नाहीये भाऊजी, सांगतेय."

दीर कुरकुरला, पण गाडी घेऊन आला. त्या शनिवारी ताईंना जाग आली तेव्हा अकरा वाजले होते. अंगातला शीण तसाच होता. त्या उठल्या नाहीत, कूस बदलून पडून राहिल्या.