कंटेनरच्या आडून पोहोचलेला निरोप

सकपाळ मॅडमची आणि माझी पहिली भेट तोंडी परीक्षेत झाली, आणि त्या परीक्षेत मी जवळजवळ नापास झालो होतो. नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. माझा प्रकल्प होता गाडी आणि रस्त्याकडेचा खांब यांच्यातल्या बिनतारी संभाषणाचा. गाडीतल्या यंत्राने आपली जागा आणि वेग हवेतून कळवायचा, खांबावरच्या डब्याने तो ऐकायचा आणि पुढच्या सिग्नलची खबर उलट पाठवायची. सगळी समीकरणे मी पाठ करून गेलो होतो. मॅडमनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "हे कुठल्या रस्त्यावर करून पाहिलंत?"

"संगणकावर," मी म्हणालो.

"संगणकावर रिक्षा मध्येच वळते का?"

त्यांनी मला नापास केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सानपाड्याच्या चौकात बोलावले आणि वही देऊन दोन तास नुसते उभे केले. कोण कुठे थांबतो, कोण सिग्नल तोडतो, पादचारी कुठून घुसतात, एवढेच लिहायचे. त्या वहीतून माझा प्रकल्प नव्याने सुरू झाला. पुढे पदव्युत्तर शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले, आणि आज मी जे काही काम करतो त्याची रीत त्या चौकात ठरली.

प्रा. सुनंदा सकपाळ यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे मूळ गाव कोकणातले. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. गावातल्या बौद्धवाडीतून अभियांत्रिकीला गेलेली पहिली मुलगी त्याच. हे त्या स्वतःहून सांगत नाहीत. कुणी विचारले तर "हो, आणि आता माझ्या मागून सोळा-सतरा जणी आल्यात" असे म्हणून विषय त्या मुलींकडे वळवतात. त्यांच्या संशोधनाची यादी या गौरवग्रंथात इतरत्र आहे. मी मात्र एका चौकाची हकीकत सांगणार आहे, कारण मॅडम कोण आहेत हे मला तिथे कळले.

कामोठ्याहून महामार्गाकडे येणाऱ्या रस्त्यावरचा तो चौक. रुग्णवाहिका दूर असतानाच तिचा निरोप खांबावरच्या डब्याला मिळावा आणि ती येईपर्यंत सिग्नल हिरवा व्हावा, असा पालिकेचा प्रायोगिक प्रकल्प होता. यंत्रे एका खासगी कंपनीची, तांत्रिक जबाबदारी मॅडमची आणि रोजचे काम माझे. रुग्णवाहिकेच्या जागी आम्ही एक व्हॅन वापरत असू. ती चालवायला माझे वडील येत. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती, आणि निवृत्तीनंतर घरी बसून ते कंटाळले होते.

पहिल्याच आठवड्यात वडिलांनी मॅडमना सांगितले, "बाई, समोर हा टीव्ही लावलाय, पण बघणार कोण? डोळे रस्त्यावर ठेवू की ह्याच्यावर?" मी त्यांना खुणेने गप्प करत होतो. मॅडम मात्र मागच्या सीटवरून उठून पुढे येऊन बसल्या आणि तासभर त्यांच्याशी बोलल्या. कुठला आवाज इंजिनाच्या घरघरीतही ऐकू येतो, कुठला आवाज ऐकून माणूस दचकतो, सगळे विचारून घेतले. सिग्नलची खबर दाखवणारा पडदा गेला, साधी घंटा आली. अहवालात सूचना करणाऱ्यांच्या नावांत वडिलांचे नाव पहिले होते. ते पान वडिलांनी लॅमिनेट करून घेतले आहे.

सकाळच्या चाचण्या उत्तम होत होत्या. मग एकदा आम्ही दुपारी गेलो आणि निरोप पोहोचलाच नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक तीन आठवड्यांवर आले होते. कंपनीच्या व्यवस्थापकांनी तोडगा काढला. "मॅडम, टेन्शन कशाला? डेमो रविवारी सकाळी ठेवू. रोड मोकळा असतो."

मॅडम म्हणाल्या, "हार्ट अटॅक रविवार बघून येतो का?"

त्याच दिवशी त्यांनी पालिकेच्या अभियंत्यांना पत्र लिहिले. यंत्रणा दुपारी काम करत नाही, कारण अजून सापडलेले नाही, प्रात्यक्षिक पुढे ढकलावे. पत्राखाली सही त्यांची एकटीची होती. पालिकेने मुदत वाढवली, पण कंपनीने त्या काळापुरते आपले काम थांबवले आणि त्यांच्याशी असलेला माझा करार स्थगित झाला. घरी मुलगी दोन महिन्यांची होती. मी मॅडमच्या खोलीत जाऊन बोलू नये ते बोललो. "तुम्ही प्राध्यापक आहात मॅडम. पत्र लिहून तुमचं काही जात नाही."

त्या म्हणाल्या, "खरंय. ज्याचं काही जात नाही, त्यानेच हे बोलायला हवं. तुमच्याकडून मी ती सही मागितली नाही, ती त्यासाठीच."

मला ते तेव्हा पटले नाही. पुढच्या सोमवारी महाविद्यालयातून मला तासिका तत्त्वावर शिकवण्याचे बोलावणे आले. त्यासाठी मॅडमनी आपले दोन वर्ग सोडले होते, हे मला वर्षभराने कार्यालयातल्या लेखनिकाकडून समजले.

करार नसतानाही मी चौकात जात राहिलो, कारण मॅडम रोज जात होत्या. डबे उघडले, अँटेना बदलल्या, तरी दोष सापडेना. चौकाच्या कोपऱ्यावर हिराबाई मासळी विकत. तिथल्या जुन्या गावातल्या, वयाने सत्तरीच्या. आम्हाला त्या रोज पाहत असत. एके सकाळी मॅडम त्यांच्याशेजारी पाटावर बसल्या आणि काम काय आहे ते साध्या शब्दांत समजावले.

हिराबाई म्हणाल्या, "बाय, तुमी सकाली येता नं दुपारी कवातरी. जेवनाच्या टायमाला हिकरं बसून बगा. कंटेनरवाले जेवाला थांबतान. त्या खांबाम्होरं भिताड उभं रातं. मना पलीकरचा मानूस दिसत नाय, तुमच्या डब्याला काय दिसनार हाय?"

मॅडम तिथेच बसून राहिल्या. बारा वाजून गेल्यावर ढाब्यासमोर एकामागून एक उंच कंटेनर येऊन लागले, आणि आमचा खांब त्या लोखंडी भिंतीमागे गेला. आम्ही दुपारी जायचो तेव्हा उभे कंटेनर पाहिले होते, पण ते रोज त्याच वेळी, त्याच जागी असतात हे आमच्या लक्षात आले नव्हते. रेडिओलहरींना ती भिंत पार करणे कठीण होते. मॅडमनी हिराबाईंचा हात हातात घेतला. "पंधरा दिवस आम्ही शोधतोय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

उपाय मग सरळ होता. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाच्या खांबावर आणखी एक डबा बसवायचा. त्याने गाडीचा निरोप ऐकून पहिल्याकडे पोहोचवायचा. कंपनी परत आली, माझा करारही सुरू झाला. प्रात्यक्षिक भर दुपारी एक वाजता ठेवावे, असे मॅडमनीच कळवले.

त्या दिवशी कंटेनरची रांग नेहमीपेक्षा लांब होती. वडिलांनी व्हॅन काढली. दूरच्या वळणावर ती दिसली, तिच्या दिशेचा लाल दिवा गेला, हिरवा आला आणि वडील न थांबता चौक ओलांडून गेले. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वेळ टिपली आणि त्या म्हणाल्या, "एकदा झालं तर योगायोग. अजून पाच वेळा." पाचही वेळा झाले. मग त्या वळल्या, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले.

आज त्या चौकातून खऱ्या रुग्णवाहिका जातात. एका चालकाने मध्यंतरी मला सांगितले, की बाळंतपणाला अडलेल्या एका बाईला घेऊन तो भर दुपारी तिथून निघाला आणि त्याला ब्रेक दाबावा लागला नाही. आई आणि मूल दोघेही सुखरूप आहेत. त्या कुटुंबाचे नाव मला माहीत नाही. त्यांनाही आमचे माहीत नसेल. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मग चांगलं चाललंय."

चौकाचौकांत उभे राहून मॅडमचे गुडघे दुखू लागले आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया त्या दोन वर्षे पुढे ढकलत होत्या; "हा चौक होऊ दे, मग" असे प्रत्येक चौकाच्या वेळी म्हणत. या वेळी आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांचे ऐकले नाही. पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे, आणि दवाखान्यात त्यांच्यासोबत कोणी कधी थांबायचे तेही ठरले आहे. ती शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडो. मॅडमना निरोगी शरीर आणि भरपूर वर्षे लाभोत, त्या वर्षांतल्या काही सकाळी कामाविना फिरायला जाण्यासाठीही असोत, आणि त्यांच्या शेजारून चालण्याचे भाग्य आम्हाला मिळत राहो.