आसूढाळ घोडी

आम्ही परंड्याला राहायचो. मुलूख निजामाचा, मोटार दिसली तर पोरं मागं धावायची. माझे वडील, आबा, आठवडी बाजारांना घोड्यावर कापडाचे गठ्ठे लादून जात. त्यांचा म्हातारा घोडा पायानं अधू झाला, त्याच वर्षी मी विधवा होऊन माहेरी परतले. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात. मी नसते तर खोळंबाही कुणाचा झाला नसता. नवरा गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. बायका त्यावर कुजबुजायच्या. मला त्याचंही काही वाटत नसे.

सीनाकाठचे दोघे धनगर भाऊ एक तरणी भीमथडी घोडी विकायला घेऊन आले. आबांनी दात पाहिले, टापा उचलून पाहिल्या, रस्त्यावर पळवून पाहिली. त्यांचा चेहरा खुलला होता. मग तिच्या डोळ्याखालून फिरणारं त्यांचं बोट एका जागी थांबलं. तिथं केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर ज्याच्या मालकीचं, त्याचं जवळचं माणूस जातं, अशी सगळ्यांची खात्री.

"आमी लपवलं न्हाय, मालक," थोरला धनगर म्हणाला. "ह्याच्यापायीच कुणी घेईना हिला."

"जनावर लई गुणाचं हाय," आबा म्हणाले, "पण नको. घर भरलेलं हाय माझं."

धनगर निघालेच होते. तेवढ्यात आई दारातून बोलली, "अहो, पोरीच्या हातात द्या की दावं. तिचं आता कोण जायचं राहिलंय?"

आमच्याकडं दावं ज्याच्या हाती पडलं तो मालक. मग वैरण कुणीही घालो, वर कुणीही बसो. आबा माझ्याकडं न बघता बरं म्हणाले. एरवी शुभकामात माझा हात कुणाला चालत नव्हता. त्या दिवशी मला हाक मारून बोलावलं. धाकट्या धनगरानं माझ्या हातात दावं दिलं. "सांभाळा, ताई," म्हणाला. त्याला तरी माझ्याकडं बघून बोलावंसं वाटलं. आईनं हळदकुंकू आणून घोडीच्या कपाळाला लावलं.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. आई म्हणाली ते बरोबरच आहे, असंच वाटलं.

आबा तिच्यावरून बाजार करू लागले. "मालकिणीला इचारून आणली का?" म्हणून लोक त्यांची थट्टा करायचे, आबा हसायचे. मी परसात तिला पाणी दाखवायची, खरारा करायची. ती माझ्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहायची. मी तेही होऊ द्यायची.

पुढच्या पावसाळ्यात आबा बाजाराहून भिजून आले, तापानं पडले आणि गेले. घर बायकांनी भरलं. एकीनं पावसाला बोल लावला, दुसरीनं हकिमाला, तिसरीनं कुणाच्या तरी नजरेला. मी भिंतीशी बसून वाट पाहत होते. आता कुणीतरी घोडीचं नाव काढील, माझ्या अंगावर येईल, म्हणेल, हिच्या घोडीनं बाप खाल्ला. मला ते ऐकायचं होतं. घोडी माझी होती आणि आबाही माझेच होते. पण जिच्या जिभेला हाड नाही म्हणून गाव ओळखायचं, ती मावशीसुद्धा त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

आई माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कवटाळून रडत होती. "माझं कुंकू गेलं रं, तुझं छत्र गेलं."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

मग मी उठून परसात गेले. घोडीनं मान वळवली. तिच्या गळ्यात हात टाकले तेव्हा मला रडू फुटलं.

"माझे आबा गेले गं," मी तिला सांगितलं.