हाड नसलेल्यांचे वकील

जिभेचा अपमान झाला म्हणून भांडायला उठणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघावा याचा मला कित्येक वर्षं राग आहे. "त्याच्या जिभेला काही हाड?" असं कुणी सहज म्हणालं की आमचे आतोबा ताडकन म्हणतात, "नाहीच. हाड असतं तर तुम्हाला एवढं वाक्यसुद्धा बोलता आलं नसतं." डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर वर्ग सुटला, तास सुटला नाही. जीभ, हत्तीची सोंड, समुद्रातल्या माकुलाचे हात, जे जे हाड नसताना हलतं त्या सगळ्यांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं आहे. आम्ही हे हसण्यावारी नेत होतो. पण गेल्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत सावरले, जीभ मात्र अडखळत राहिली, आणि सगळं घर बोलतं ठेवणारी आत्या लाजेने गप्प झाली. ती चारचौघांत पुन्हा बोलेल का, एवढा एकच प्रश्न घरात उरला, आणि तो सोडवायला घरात होते हे गृहस्थ.

त्यांचे आधीचे प्रताप सांगते, म्हणजे माझी धास्ती कळेल. त्यांच्या खिशात कायम एक लांबुळका फुगा असतो. वर्तकनगरला माझ्या साखरपुड्यात तो पाण्याने भरून ते माझ्या होणाऱ्या सासूबाईंशेजारी जाऊन बसले आणि फुगा मधोमध आवळला. "बघा, पाणी तेवढंच आहे. इथे बारीक झालं की तिकडे लांब होणारच. जिभेत पाण्याच्या जागी स्नायू आहेत, उभे, आडवे, आरपार. एक आवळतो, दुसरा लांबतो. जरा जीभ बाहेर काढता?" बिचाऱ्या सासूबाईंनी काढलीही. तेवढ्यात फुगा त्यांच्या पैठणीवर फुटला. माझं लग्न मोडायची वेळ आली होती आणि आतोबा हळहळत होते ते प्रात्यक्षिक अर्धवट राहिलं म्हणून. घरात मासे शिजत नाहीत, तरी रविवारी हे मासळी बाजारात माकुलं उचलून बघणार. "घ्याचा नाय तं हात कनाला लावता, मास्तर?" असं मासेवाली मावशी दर वेळी विचारते. त्यावर माकुलाचे दोन लांब हात भक्ष्यावर कसे सुटतात हे ते तिलाच समजावतात. जन्मभर माकुलं साफ केलेली ती बाई ऐकून घेते, हा तिचा मोठेपणा.

गणपतीचं तर विचारूच नका. कल्याणच्या मूर्तिकाराने सांगितलं, "काका, सोंडेत आतून तार घालावी लागते." झालं, यांचं पित्त खवळलं. "म्हणजे हाडच घातलंत की. जिला देवाने हाड दिलं नाही, तिला तुम्ही कोण देणारे?" हट्टाने त्यांनी बिनतारेची मूर्ती घेतली आणि पत्री पुलाजवळच्या खड्ड्यात रिक्षा आदळून सोंड हातात आली. आत्याने स्वतः जाऊन तारेची मूर्ती आणली. आरतीत आतोबा देवाकडे नाही, सोंडेकडे रागाने बघत होते.

अशा माणसाच्या हाती आत्याची जीभ आली. स्पीच थेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. ती म्हणाली, "ळ सगळ्यात शेवटी येईल, काका. कदाचित नाहीही येणार." ळ म्हणायला जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागावं लागतं, आणि आत्याचं टोक वळतच नव्हतं. आतोबा उखडले. "ळ नाही म्हणजे? पोळी नाही, केळं नाही, सकाळ नाही. तिने काय इंग्रजीत जगायचं?" मग रोज सकाळी दोघं आरशासमोर जिभा बाहेर काढून बसू लागले. समोरच्या बिऱ्हाडाने खिडकीला पडदा लावून घेतला. आत्या "पोई" म्हणायची आणि आरसा पालथा घालायची. आतोबा तो सुलटा करून पुन्हा ठेवायचे, पुन्हा जीभ काढायचे. आयुष्यात ज्यांनी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, ते एका शब्दासाठी पाच-पाच मिनिटं गप्प बसायचे. हे बघून मला पहिल्यांदा त्यांचा राग येईनासा झाला.

राग येऊ लागला तो भेटायला येणाऱ्यांचा. आत्याचे कान शाबूत होते, तरी लोक तिच्याशी ओरडून बोलत, नाहीतर तिच्यादेखत तिच्याविषयी बोलत. परवा तिच्या एक चुलत जाऊबाई शहाडहून आल्या. त्यांनी आत्याचा हात थोपटला आणि आतोबांना विचारलं, "आता हिला कळतं का हो सगळं?"

माझं डोकंच फिरलं. आतोबांचे कान लाल झाले. आता ते या बाईंना सोडत नाहीत, हे मी ओळखलं. पण आत्याने हात वर करून त्यांना थांबवलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. जाऊबाई "राहू दे गं, राहू दे" म्हणाल्या. आत्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"कळतं," ती म्हणाली. दम घेतला. "सगळं कळतं."

तिन्ही ळ स्वच्छ होते. जाऊबाई विषय बदलून पाण्याच्या टँकरवर घसरल्या. चहा टाकतो म्हणून आतोबा आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी बघायला गेले. ओट्याशी उभे होते, समोर पातेल्यात पाणी, गॅस बंद. मला वाटलं, आता जिभेचं टोक मागे कसं वळलं ते सांगतील, आणि खरं सांगते, ते मला ऐकायचं होतं.

"आतोबा, ळ आला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी गॅस पेटवला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाणी उकळायला लागलं, तरी ते काही बोलले नव्हते.