लंगडा सात
ताज्या पॉलिशचा वास आला, की मला गंगापूर रोडवरच्या लॉनवरची ती सकाळ आठवते. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून माझा पहिलाच दिवस होता, आणि ज्या सरांनी मला हे काम शिकवलं तेच मुख्य परीक्षक होते. इंजिनावरचा नंबर मूळचा की मागाहून ठोकलेला, हे ओळखायला त्यांनीच शिकवलं. "डोळे फसतात, बोट फिरवून बघ," असं म्हणत ते स्वतःच्या लोखंडी ठशांनी पत्र्यावर खोटे नंबर ठोकून आम्हाला सरावाला द्यायचे. त्या ठशांतल्या इंग्रजी सातचा पाय अर्धा तुटलेला होता. आम्ही त्याला लंगडा सात म्हणायचो. त्या सकाळी विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याची मोटारसायकल माझ्यापुढे आली. "इंजिन वडिलांच्या टायमाचंच हे साहेब, लय जपलंय," तो म्हणाला. मी वाकून नंबरावरून बोट फिरवलं आणि सातवर थांबलो. तो लंगडा होता. मान वर केली तर सर शेजारीच उभे. "सर, हा सात..." मी पुटपुटलो. इंजिनाकडे न बघताच ते हळू आवाजात म्हणाले, "बोट काढ. नंबर मूळचा आहे, तसं लिही." मी तसं लिहिलं. त्या गाडीला पहिलं बक्षीस मिळालं आणि सरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. आता नव्या परीक्षकांना मी शिकवतो. बोट फिरवून बघा, हेच सांगतो. तुम्ही कुणाकडे शिकलात, असं कुणी विचारलं की मात्र पुढच्या गाडीकडे वळतो.